लाई सरांचा शाकाहारी बोका

नवस बोलताना शब्द जपून वापरावेत, हे लाई तेमाओ सरांना कुणी सांगायची गरज नव्हती. चियाईच्या माध्यमिक शाळेत त्यांनी उभा जन्म भाषा शिकवली होती. निवृत्त होऊनही गल्लीतल्या दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका ते थांबून दाखवत, आणि दुकानदार त्यांना लांबून येताना पाहिलं की शटर अर्धं खाली ओढत. अशा माणसानेच नवसात घोळ घालावा, याला काय म्हणायचं!

झालं असं. पाओचूबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी आत नेलं. बाहेरच्या बाकावर सर एकटेच. त्यांनी डोळे मिटले आणि कुआनयिन देवीला सांगितलं, "ही सुखरूप बाहेर आली तर आमच्या घरात यापुढे मांस, मासळी, अंडं, दूध शिरणार नाही." दुधाची खरं तर काही गरज नव्हती. पण 'मांस, मासळी, अंडं' एवढ्यावर वाक्य लंगडं वाटलं. चार शब्दांनी कसं तोलदार झालं.

पाओचूबाई सुखरूप बाहेर आल्या. शुद्धीवर आल्यावर नवस ऐकून त्या म्हणाल्या, "अहो, मला विचारलंत तरी का?"

"तू बेशुद्ध होतीस."

"मग शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं होतं."

पुढे आणखी एक अडचण निघाली, ती म्हणजे मुआची. मुआची हा त्यांचा बोका. मुआची म्हणून तांदळाच्या उकडीचा गोळा मिळतो, तसा पांढरा, गोल आणि मऊ, म्हणून ते नाव. सरांनी 'मी खाणार नाही' असं म्हटलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण ते 'आमच्या घरात' म्हणाले होते, आणि मुआची घरातच राहत होता. सर्वनामाच्या जागी नाम वापरल्याने केवढा अनर्थ होतो, हे त्यांनी पोरांना पिढ्यान् पिढ्या शिकवलं होतं. आता तो अनर्थ मऊ पावलांनी स्वयंपाकघरात फिरत होता.

नवसात दुरुस्ती करून घ्यावी म्हणून सर देवळात गेले. कार्यालयातल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "नवस कुठे बोललात?"

"इस्पितळात."

"मग तो आमच्याकडचा नव्हे. इथे बोललेल्या नवसाचंच आम्ही बघतो."

"पण देवी एकच आहे ना?"

"देवी एकच आहे हो. कार्यालयं वेगळी आहेत." मग त्यांना दया आली असावी. "असं करा, कौल लावा. देवी हो म्हणाली तर आम्ही कोण नाही म्हणणारे?"

कौल म्हणजे अर्धचंद्रासारखे दोन लाकडी तुकडे, खाली टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला तर होकार. दोन्ही पालथे तर नकार. दोन्ही उताणे पडले तर देवी हसली म्हणायचं, आणि पुन्हा विचारायचं. सरांनी गुडघे टेकले, "बोक्याला सदर नवसातून वगळण्यास आपली अनुमती आहे काय?" असं शुद्ध भाषेत विचारलं आणि तुकडे टाकले. देवी हसली. पुन्हा टाकले, पुन्हा हसली. तिसऱ्यांदाही हसली तेव्हा बाई आतून ओरडल्या, "प्रश्न नीट विचारा, सर!"

"नीटच विचारलाय! मी भाषेचा शिक्षक होतो!"

"मग जरा सोप्या भाषेत विचारा!"

रांगेतली माणसं हसली. सर उठले, गुडघे झटकले आणि तडक घरी आले. देवी हसते, माणसं हसतात, मग आता माघार नाही. बोका शाकाहारी होणार म्हणजे होणार.

पाळीव प्राण्यांच्या दुकानात शाकाहारी मांजरांसाठी परदेशी खाद्याची पाकिटं होती. विकणाऱ्या मुलीने बजावलंही, "काका, यात लागणारे घटक बाहेरून घातलेत. तरी मधून मधून डॉक्टरांकडून तपासून घ्या." सरांनी पाकिटाच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचली. दोन मुद्रणदोष सापडले, आणि ज्यांना धड लिहिता येत नाही त्यांना धड शिजवता काय येणार, असा निष्कर्ष काढून ते टोफू घेऊन घरी आले. टोफू, लाल भोपळा, रताळं, वर समुद्री शेवाळाची चिमूट. सरांनी स्वतः चाखून पाहिलं. चव बरी होती.

मुआचीने हुंगलं. एकदा सरांकडे पाहिलं. मग पुढच्या पंजाने ताटलीभोवतीची फरशी खरवडायला सुरुवात केली. मांजर आपली घाण झाकायला माती ओढतं ना, अगदी तसं. सरांना एवढा अपमान शिक्षणाधिकाऱ्याच्या तपासणीतही झाल्याचं आठवत नव्हतं.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही, आणि बातमीमागोमाग सल्ले आले. कुणी म्हणालं सोयाची नकली मासळी द्या, हुबेहूब लागते. कुणी म्हणालं तिळाचं तेल घाला, तिळाच्या तेलात माणूस चप्पलही खाईल. कोपऱ्यावर टर्की-भाताचं दुकान चालवणाऱ्या आश्याकाकू मात्र हातातला सुरा न थांबवता म्हणाल्या, "सर, बोक्याचे दात बघितलेत का? ते काय देवाने टोफू फाडायला दिलेत?"

"दात ही सवयीची गोष्ट आहे, आश्या. सुळे माणसालाही आहेत."

"म्हणून तर मी माणसांना टर्की विकते!"

काही दिवस मुआची उपाशी राहिला. भिंतीकडे तोंड करून बसायचा. पाओचूबाई म्हणायच्या, "अहो, मुकं जनावर ते," आणि सर म्हणायचे, "संस्कार व्हायला वेळ लागतो." आणि एके दिवशी चमत्कार झाला. बोक्याचा रुसवा संपला. टोफू तो फारसा खात नव्हता, पण भिंतीकडे तोंडही करीत नव्हता. गॅलरीतून सकाळी उडी मारून जाई, दुपारी येऊन डाराडूर झोपे. अंगावर चकाकी आली. पोट सुटलं. सरांनी जाणकारासारखी मान हलवली. "बघ पाओचू. थोडं खातो, पण अंगी लागतं. सात्त्विक अन्नाचं असंच असतं."

पाओचूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

सरांना आता स्वस्थ बसवेना. ओळखीच्या माणसाने "काय सर, कसं काय?" विचारलं की सर आधी बोक्याची तब्येत सांगत, मग स्वतःची. वॉर्डप्रमुख चुआंग यांच्या कानावर हे गेलं. चुआंग गृहस्थ उत्साही. त्यांच्याकडे वॉर्डभर ऐकू जाणारा भोंगा होता, आणि भोंगा असलेल्या माणसाला सतत काहीतरी सांगायला लागतं. एका रविवारी सकाळी साऱ्या वॉर्डाने ऐकलं, "नागरिकहो, आपल्या वॉर्डातील आदर्श शाकाहारी कुटुंबाचा सत्कार समाजमंदिरात होणार आहे. लाई सर आपल्या शाकाहारी बोक्यासह मार्गदर्शन करतील. चहा आणि बिनअंड्याचा केक मिळेल."

केकमुळे म्हणा की बोक्यामुळे, सभागृह भरलं. सरांनी इस्त्रीचा कोट घातला होता. मुआची पिंजऱ्याच्या पेटीत टेबलावर. सर बोलायला उभे राहिले आणि जुना सूर लागला. हिंसा दातांत नसते, ताटात असते. ताट बदला, जग बदलेल. आणि याचा जिवंत पुरावा आपल्यासमोर आहे. एवढं म्हणून त्यांनी पेटीचं दार उघडलं.

जिवंत पुराव्याने बाहेर येऊन आळस दिला. नाक वर केलं. मग टेबलावरून उडी टाकली, खुर्च्यांमधून थेट आश्याकाकूंपाशी गेला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि पुढचे दोन्ही पंजे त्यांच्या गुडघ्यावर ठेवून ओरडू लागला.

"अरे, इथे नाही रे," आश्याकाकू कुजबुजल्या. पण त्यांची कुजबुज टर्कीवालीची, भर बाजारात ऐकू जाणारी. "दुकानावर ये!"

मागून एक आजोबा उठले. "अहो, हा तर आमचा पांढऱ्या!"

"पांढऱ्या कसला? हा आमचा जनरल!" मासळीवाली म्हणाली. "रोज सकाळी मासळीचं डोकं घेतल्याशिवाय हलत नाही."

शिंपीणबाईंकडे त्याचं नाव पाव्हणा होतं. तो अख्ख्या गल्लीत जेवत होता, आणि प्रत्येक घरी निराळ्या नावाने. सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. सर व्यासपीठावर उभे. चेहरा उकडलेल्या बिटासारखा.

"आश्या, तू माझ्या बोक्याला टर्की घालतेस?" त्यांचा आवाज चिरकला.

"माझ्यावर कशाला डोळे काढता, सर? मी कुठे घालते? पाओचूताई जेवायला येते तेव्हा तीच आपल्या वाटीतलं..." आश्याकाकूंनी तोंडावर हात ठेवला. पण बाण सुटला होता.

हसणं थांबलं. हसण्यापेक्षा ते थांबणं वाईट होतं. सगळे पाओचूबाईंकडे पाहू लागले, आणि पाओचूबाई आपल्या चपलांकडे. त्या शांततेत मानपत्राची चौकट छातीशी धरलेले चुआंग शेजारच्या माणसाला म्हणाले, "आता हे द्यायचं की नाही द्यायचं?" माईक चालू होता. भोंगाही. घरी राहिलेल्यांनीही ते ऐकलं.

घरी आल्यावर सरांनी विचारलं, "केव्हापासून?"

"टाके निघाले तेव्हापासून."

"इतके दिवस? माझ्यापासून लपवून?"

"सांगितलं असतं तर तुम्ही व्याकरण काढलं असतंत," पाओचूबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "आश्याचं दुकान घरात कुठे येतं? नवस घरापुरता होता ना?"

व्याकरणात हरलेला शिक्षक फार वाईट. दुसऱ्या दिवशी गॅलरीला जाळी बसली. मुआची यापुढे घराबाहेर पडणार नव्हता. गल्ली हसली काय? आता खरोखरच शाकाहारी बोका करून दाखवतो. आधीचं ते नकली होतं, आता अस्सल.

हे कदाचित चार दिवसही टिकलं नसतं, कारण पाओचूबाईंनी लपूनछपून काही ना काही घातलंच असतं. पण थंडीच्या तोंडावर त्या मुलीच्या बाळंतपणाला ताओयुआनला गेल्या, त्या महिनोन् महिने तिकडेच राहिल्या. निघताना दारात म्हणाल्या, "अहो, झालं गेलं विसरा. त्याला थोडी मासळी घालत जा."

"तू काळजी करू नकोस," सर म्हणाले. हे उत्तर नव्हे, हे भाषेच्या शिक्षकाला पक्कं ठाऊक होतं. पाओचूबाईंना ते उत्तर वाटलं.

मुआचीने जाळीशी बसून आधी पुष्कळ हाका मारल्या. खालून आश्याकाकू वर पाहायच्या, सर पडदा ओढायचे. पुढे त्याने हाका सोडल्या आणि टोफू खायला लागला. भुकेला कोंडा गोड म्हणतात ते खोटं नाही. तो हडकला, पण सर म्हणाले, जादाची चरबी गेली. तो दिवसभर एका जागी बसू लागला, सर म्हणाले, वृत्ती शांत झाली. आणि मग त्याचे डोळे बदलले. पूर्वी उन्हात बाहुल्यांची कशी बारीक उभी रेघ व्हायची, धूर्त, हिशेबी. आता भर दुपारीही बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर, ओथंबलेल्या दिसू लागल्या. सर त्याच्यासमोर बसून बघत राहायचे. तो त्यांच्या आरपार कुठेतरी पाहायचा. सरांच्या अंगावर काटा आला. ही करुणा! दुसरं काय असणार?

त्यांनी फोटो काढला आणि वॉर्डाच्या गटावर टाकला. खाली लिहिलं, "हिंसा सुटली की नजर अशी होते." चुआंगनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. पाठोपाठ आणखी पुष्कळांनी पाठवली. आश्याकाकूंनी काहीच पाठवलं नाही. सरांनी फोन बाजूला ठेवला आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

उन्हं तापायला लागली तेव्हा पाओचूबाई परतल्या. मुआची आवाजाच्या रोखाने उठून आला, आणि वाटेत ठेवलेल्या त्यांच्या बॅगेवर डोकं आपटलं. जरा थांबला. बाजूने गेला, आणि खुर्चीच्या पायावर आपटला. पाओचूबाई खाली बसल्या. त्यांनी त्याच्या डोळ्यांपुढून हात फिरवला. परत फिरवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "याला दिसत नाहीये."

"छे. ध्यानात असतो तो. म्हणजे, अलीकडे जरा..."

"अहो, याला काहीही दिसत नाहीये!"

पशुवैद्य डॉक्टर शियाओ या सरांच्याच विद्यार्थिनी निघाल्या. त्यांनी उठून मान झुकवली, सरांना खुर्ची दिली, आणि मग बोक्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"सर, खायला काय देता याला?"

"संतुलित आहार."

"म्हणजे?"

"घरचा. ताजा."

"सर, त्यात काय असतं?"

सरांनी पत्नीकडे पाहिलं. पाओचूबाई त्यांच्याकडेच पाहत होत्या. आयुष्यभर त्यांनी पोरांना सांगितलं होतं, पाल्हाळ नको, विचारलं तेवढंच लिहा.

"टोफू," ते म्हणाले. "भोपळा. रताळं."

"आणि वरून काही पूरक औषध? टॉरिन?"

"शेवाळ. चिमूटभर."

डॉक्टरांनी बॅटरी खाली ठेवली. त्या रागावल्या नाहीत, तेच सरांना सोसवेना. "माणसाचं शरीर टॉरिन स्वतः बनवतं, सर. मांजराचं पुरेसं बनवू शकत नाही, त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं. ते मांसात असतं, टोफूत नसतं. ते मिळालं नाही की हळूहळू डोळ्यांचा पडदा जातो, आणि हृदय सैल पडतं. याचं दोन्ही झालंय."

"पण परदेशात म्हणे मांजरं शाकाहारावर..." सरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"ठेवतात काही लोक. घटक घातलेलं तयार अन्न देतात, रक्त-लघवी तपासत राहतात, आणि काही मांजरं त्यावर ठीक राहिल्याचं मालक सांगतात. छातीठोकपणे सांगावं इतकी माहिती अजून कुणाकडेच नाही, म्हणून मी कुणाला ते सुचवत नाही. पण ते लोक निदान तपासतात तरी, सर."

पाओचूबाईंनी बोक्याला उचलून कुशीत घेतलं. मग त्यांनी विचारलं, "डोळे परत येतील?"

"नाही, काकू. हृदय कदाचित सावरेल. औषध देते. आणि मांस घाला. टर्कीची तंगडी असेल तर उत्तम. नुसती उकडलेली."

परतीच्या वाटेवर सरांनी फोन काढला आणि तो फोटो उघडला. खाली आणखी कुणीतरी हात जोडून ठेवले होते. 'नजर अशी होते.' त्यांनी तो पुसायला बोट नेलं, पण पुसणं म्हणजे पुन्हा पडदा ओढणंच, असं त्यांना वाटलं. रस्त्याच्या कडेला थांबून त्यांनी त्याखाली लिहिलं, "वरील मजकूर चुकीचा आहे. बोका आंधळा झाला आहे. चूक माझी." नेहमी ते पाठवण्याआधी दोनदा तपासत. या वेळी तपासलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन गर्दीच्या वेळी, ते आश्याकाकूंच्या दुकानापुढे रांगेत उभे राहिले. पाओचूबाई म्हणाल्या होत्या, मी आणते. पण सर ऐकेनात. पुढची माणसं वळून पाहत होती. एरवी शटर ओढणारा रसवाला आज आपल्या दारात येऊन उभा राहिला. सरांचा नंबर आला.

"तंगडीचं मांस," ते म्हणाले. "भात नको. मीठ नको. सॉस नको."

तेवढ्यात आतल्या टेबलावरून चुआंग वॉर्डप्रमुख, ज्यांनी गटावरचं अजून वाचलं नव्हतं, मोठ्याने म्हणाले, "काय सर! शेवटी टर्की? आपला तो साधुपुरुष कसा आहे?"

"आंधळा केला मी त्याला," लाई सर म्हणाले. "दोन्ही डोळे. हट्टापायी."

चुआंगांच्या जेवणाच्या काड्या हवेतच राहिल्या. आश्याकाकूंनी सुरा उचलला, तंगडी मधोमध चिरली, हाडाजवळचं मऊ मांस काढलं, पुन्हा काढलं, आणि डबा भरला. तोंडाने फटकळ बाई, पण डबा देताना एवढंच म्हणाल्या, "बारीक कापलंय. त्याला शोधत बसायला नको." आणि मग थोड्या वेळाने, "आणि पाओचूताईला काय बांधू?"

"ते मला माहीत नाही," सर म्हणाले. "तिलाच विचारतो." आणि रांगेतून बाजूला होऊन, सगळ्यांसमोर, त्यांनी घरी फोन लावला.

पाओचूबाईंनी काय सांगितलं ते गल्लीला ऐकू आलं नाही. पण सर परत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले आणि अंडं घातलेला टर्की-भात घेऊन, दोन डबे दोन हातांत धरून, घरी गेले. स्वतः त्यांनी टोफूच खाल्ला. नवस आता त्यांच्या एकट्यापुरता राहिला, आणि तो त्यांनी पुढेही मोडला नाही.

मुआची स्वयंपाकघराच्या दारात बसला होता. डबा उघडल्याबरोबर त्याचं नाक हललं. भिंतीला मिशा घासत तो आला, वासाच्या मागोमाग, आणि सर जमिनीवर मांडी घालून बसले होते तिथे थांबला. सरांनी एक तुकडा तळहातावर धरला. त्याने तो खाल्ला. दुसरा खाल्ला. पोट भरल्यावर तो गेला नाही. त्यांच्या मांडीवर चढला, जागा करून घेतली, घशात गुरगुरला आणि ते मोठे काळे डोळे त्याने वर, थेट त्यांच्या चेहऱ्याकडे केले.

बोक्याला काही दिसत नव्हतं. तरी नजर खाली घातली ती लाई सरांनीच.